जैवविविधतेची बंधनकारक उद्दिष्टे : ठाण्यातील एका नागरिक अभ्यासवर्गाचे परीक्षण

ठाण्यात नौपाड्यातील एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी भरणारा, जैवविविधता संरक्षणाच्या सरकारी उद्दिष्टांवरील हा अभ्यासवर्ग सर्वसामान्य नागरिकांसाठी आहे. त्यासाठी कायद्याची किंवा जीवशास्त्राची पदवी लागत नाही. सात सत्रे, त्यांतील एक ऐरोलीला खाडीकाठी, सगळे शिकवणे मराठीतून, शुल्क दीड हजार रुपये आणि त्यातच छापील टिपणांचा संच, असे त्याचे स्वरूप आहे. शिकवणारे दोघे आहेत : उच्च न्यायालयात वकिली करणारे एक सर आणि वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका. निसर्गावरची व्याख्याने ठाणे-नवी मुंबईत वर्षभर होत असतात आणि त्यांतली बरीचशी पक्ष्यांच्या देखण्या छायाचित्रांवर संपतात. या वर्गाने एकच प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवला. सरकारने जाहीर केलेले उद्दिष्ट पाळले गेले नाही, तर कायद्याने कोणाला जाब विचारता येतो? मी ऐरोलीला, खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटतो आणि त्याच मापाने मी हा वर्ग पाहिला.

सरांची पद्धत सुरुवातीलाच आवडली. कोणतेही उद्दिष्ट समोर आले की त्याला चार प्रश्न विचारायचे : त्यात आकडा आहे का, मुदत आहे का, ते पूर्ण करण्याची जबाबदारी नेमकी कोणावर आहे, आणि मुदत उलटली तर त्या जबाबदार माणसाला कोणापुढे उभे राहावे लागते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक घोषणांत सापडतात, तिसऱ्याचे उत्तर धूसर होते आणि चौथ्याला अनेकदा उत्तरच नसते. २०१० मध्ये जपानमधील आइची प्रांतात जगातील देशांनी २०२० सालासाठी जैवविविधतेची २० उद्दिष्टे मान्य केली होती. दशक संपले तेव्हा जागतिक पातळीवर त्यांतले एकही पूर्णपणे साध्य झालेले नव्हते, आणि त्याबद्दल कोणत्याही देशाला काही भोगावे लागले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे कुनमिंग-माँट्रियल हा जैवविविधतेचा पुढचा जागतिक आराखडा स्वीकारला गेला. २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणायचा आणि ऱ्हास झालेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर पुनरुज्जीवनाचे काम चालू झालेले असायचे, ही त्यातल्या २३ उद्दिष्टांपैकी सर्वांना माहीत असलेली दोन. १९९२ चा जैवविविधता करार हा आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे आणि भारताने तो १९९४ मध्ये अनुसमर्थित केला, म्हणजे अधिकृतपणे स्वतःवर लागू करून घेतला. पण त्याच कराराच्या परिषदेत ठरलेली ही २३ उद्दिष्टे स्वतः बंधनकारक नाहीत. भारताने २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात स्वतःची २३ उद्दिष्टे मांडली, तीही धोरण म्हणून. ही गुंतागुंत वर्तमानपत्रांच्या बातम्यांतून कधी नीट कळत नाही. इथे ती तासाभरात स्पष्ट झाली.

दुसरे सत्र इंग्लंडवर होते आणि ते वर्गातील सर्वांत बांधीव सत्र म्हणावे लागेल. तिथल्या २०२१ च्या पर्यावरण कायद्याने मंत्र्यांवर उद्दिष्टे ठरवण्याचे आणि ती गाठण्याचे असे दोन्ही कर्तव्य टाकले. त्यानुसार २०३० च्या अखेरपर्यंत प्रजातींच्या संख्येतील घसरण थांबवायची, २०४२ पर्यंत ती संख्या २०३० च्या पातळीपेक्षा किमान १० टक्क्यांनी वाढवायची आणि तोपर्यंत संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर ५ लाख हेक्टरांहून अधिक अधिवास नव्याने तयार किंवा पूर्ववत करायचा. घसरण कशी मोजायची तेही ठरलेले आहे : हजाराहून अधिक प्रजातींच्या नोंदींवर आधारलेला एक निर्देशांक. उद्दिष्ट हुकले तर मंत्र्याला संसदेत कारणे आणि पुढचे उपाय सांगावे लागतात, आणि सरकारच्या वाटचालीवर लक्ष ठेवण्यासाठी नेमलेले स्वतंत्र कार्यालय गरज पडल्यास सरकारला न्यायालयात नेऊ शकते. सरांनी याचे गोडवे गायले नाहीत, हे मला विशेष भावले. याच कार्यालयाने आपल्या वार्षिक अहवालांत सरकार बहुतांश उद्दिष्टांच्या वाटेवर नसल्याचे वारंवार सांगितले आहे. कायदा केल्याने फुलपाखरे आपोआप वाढत नाहीत. तरीही सरकार मागे पडले आहे हे सरकारी खर्चाने चालणारी एक संस्था अधिकृतपणे लिहिते आणि ते लिहिण्याचे बंधन कायद्यानेच घातलेले आहे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. युरोपीय संघाचा निसर्ग पुनरुज्जीवन कायदा ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. २०३० पर्यंत संघाच्या जमीन आणि सागरी क्षेत्राच्या किमान २० टक्के भागावर उपाय योजायचे, हे त्याचे मुख्य सूत्र. त्यावर मात्र पंधरा-वीस मिनिटेच मिळाली. प्रत्येक सदस्यदेशाला स्वतःचा आराखडा सादर करावा लागतो, या भागाची आणखी चर्चा व्हायला हवी होती, कारण केंद्र आणि राज्ये यांच्यात जबाबदारी कशी वाटायची हा आपल्याकडचाही प्रश्न आहे.

तिसऱ्या सत्रात वर्ग भारतात आला आणि इथे माझे सरांशी थोडे मतभेद झाले. त्यांची मांडणी अशी, की आपल्याकडे जैवविविधतेचे आकडा आणि मुदत असलेले उद्दिष्ट कायद्यात जवळजवळ नाही, म्हणून आपण मागे आहोत. पहिला भाग खरा आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद ४८ अ आणि ५१ अ (छ) हे राज्याचे आणि नागरिकांचे कर्तव्य सांगतात, आकडा सांगत नाहीत. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीतील एकतृतीयांश भूभाग वृक्षाच्छादित ठेवण्याचा संकल्प ही नीती आहे, कायदा नव्हे. पण आपल्या कायद्यांची घडण वेगळी आहे. ते हद्द आखतात आणि त्या हद्दीच्या आत काय करायचे नाही ते सांगतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय राज्य सरकारला अभयारण्याची सीमा बदलता येत नाही, आणि अभयारण्यातील अधिवासाला हात लावायचा तर तो वन्यजीवांच्याच हितासाठी आवश्यक असल्याची सरकारची खात्री पटावी लागते. ही मनाई न्यायालयात टिकते. तिच्या जोरावर आहे ते राखता येते; जे गेले ते इतक्या वर्षांत इतके परत आणा, असे सांगणारे कलम मात्र आपल्याकडे नाही. मी हे वर्गात मांडले तेव्हा सरांनी ते मान्य केले आणि पुढच्या आठवड्यात कांदळवनांच्या, म्हणजे खारफुटीच्या, निकालाची जास्तीची टिपणे घेऊन आले. असा मोकळेपणा शिकवणाऱ्यांत क्वचित दिसतो.

कांदळवनांवरचे ते सत्र अतिशय चांगले झाले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडण्यास आणि कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकामास अंतरिम मनाई केली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले. नष्ट झालेली कांदळवने पूर्ववत करण्याचे कर्तव्यही त्या निकालाने राज्यावर टाकले. चार प्रश्नांच्या कसोटीवर हा निकाल तपासला तेव्हा गंमत दिसली : त्यात क्षेत्राचा आकडा नाही, तरीही जबाबदारी आणि जाब या दोन्ही बाबतींत तो आपल्याकडच्या कोणत्याही जाहीर उद्दिष्टापेक्षा बळकट आहे. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालासुद्धा कांदळवन तोडण्यापूर्वी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्याची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये अशीच न्यायालयातून घेतली गेली. आधीच्या आराखड्यात हा आकडा ५० हजारांच्या वर होता. परवानगी मिळाली, म्हणजे झाडे वाचली नाहीत. पण तोडीचा हिशेब खुल्या न्यायालयात द्यावा लागला. याच सत्रात प्राध्यापिका मॅडमनी तिवर आणि चिप्पी या कांदळवृक्षांची पाने वर्गात फिरवली. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला आहे, पण खाडीकाठी पिढ्या काढलेल्या आमच्यापैकी बऱ्याच जणांना ती ओळखता आली नाही.

खाडीकाठचे सत्र ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात आणि तिथून बोटीने झाले. ते केंद्र स्वतंत्रपणेही पाहण्यासारखे आहे. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, हे लक्षात ठेवावे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये अधिसूचित झाले, १,६९०.५ हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेले पाण्याचे क्षेत्र. भोवतालच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रासह ६,५२१ हेक्टर परिसराला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला; नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे राज्यातील हे तिसरे रामसर स्थळ. मॅडमनी बोटीत बसून दाखवलेली एक गोष्ट मला नकाशावरून कधीच उमगली नसती. ओहोटीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, अभयारण्यातल्या चिखलपट्ट्यांवर चरतात, पण भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे किंवा भांडुपच्या बाजूला विसावा शोधतात. विसाव्याच्या या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. हद्द आखून मनाई करणाऱ्या कायद्याची मर्यादा इथे डोळ्यांनी दिसते. नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावात खाडीचे पाणी येण्याचा मार्ग अडल्यानंतर २०२४ मध्ये तिथे रोहित पक्षी मेल्याच्या बातम्या आल्या, नागरिकांनी पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. एका तळ्यासाठी एवढा झगडा करावा लागतो, आणि विसाव्याच्या सगळ्या जागा राखण्याचे बंधन कोणत्याही एका यंत्रणेवर नाही.

आता माझ्या मते या वर्गातील सर्वांत मोलाच्या भागाकडे येते. सहाव्या सत्रात आम्हाला गटागटाने ठाणे खाडीसाठी एक बंधनकारक उद्दिष्ट लिहायला सांगितले. आमच्या गटाने सहजच रोहित पक्ष्यांची संख्या निवडली : काही हंगामांत एक लाखाहून अधिक पक्षी इथे नोंदवले गेले आहेत, तर ती संख्या खाली जाऊ देऊ नये, असे लिहिले. मॅडमनी ते शांतपणे खोडले. लहान रोहित ही जात नीलहरित शैवालावर जगते आणि खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्याने ते शैवाल वाढण्यास मदत होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे पक्षी वाढले याचा अर्थ खाडी सुधारली असा होईलच असे नाही. शिवाय यातले पुष्कळ पक्षी कच्छच्या रणात जन्मतात, आणि तिथला पाऊस ठाण्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या हातात नाही. मग दुसऱ्या गटाने कांदळवनाचे क्षेत्र वाढवण्याचे उद्दिष्ट लिहिले. त्यावरही त्यांनी थांबवले. गाळ साठत गेला की कांदळवन चिखलपट्ट्यावर पुढे सरकते, आणि ज्या उघड्या चिखलावर पाणपक्षी चरतात तोच आक्रसतो. एक उद्दिष्ट दुसऱ्याला गिळू शकते. शेवटी चर्चा पाण्यातल्या प्राणवायूवर, चिखलातल्या कृमी-शिंपल्यांच्या विविधतेवर आणि निवट्या, जिताडा हे मासे आणि चिंबोरी हा खेकडा यांच्या आढळावर आली, आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला : सुरुवातीची मोजणी कुठे आहे? पायाभूत नोंद नसेल तर दहा टक्के वाढ कशाच्या तुलनेत म्हणायची? आणि जबाबदार कोण? खाडीच्या पश्चिम काठाला मुंबई महापालिका, पूर्वेला नवी मुंबई, वर ठाणे, कांदळवन कक्ष वन विभागाचा, पाण्याची गुणवत्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. चार प्रश्नांपैकी तिसऱ्यावर सगळे गट अडले. इंग्लंडचा कायदा पुस्तकात वाचताना जो सोपा वाटला होता, तो किती अवघड पायावर उभा आहे हे त्या तासाभरात समजले.

पायाभूत नोंदीचा हा धागा शेवटच्या सत्रात लोक जैवविविधता नोंदवहीशी, म्हणजे स्थानिक जीवसृष्टी आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान नोंदवणाऱ्या वहीशी, जोडला गेला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायचीच आहे, आणि स्थानिक लोकांशी बोलून ही नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे. हा आपल्याकडचा खराखुरा बंधनकारक भाग. वर्षानुवर्षे तो बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती हुकल्यास राज्यांनी दरमहा १० लाख रुपये भरावेत असा आदेश दिला. आकडा, मुदत, जबाबदार यंत्रणा आणि दंड, चारही प्रश्नांना उत्तर असलेले हे देशातील विरळ उदाहरण आहे. परिणामही झपाट्याने झाला. आज देशात अडीच लाखांहून अधिक समित्या आहेत. पण मुदतीच्या धाकाने झालेल्या नोंदवह्यांपैकी अनेक एकमेकींसारख्या निघाल्या, आणि गावातल्या माणसांशी न बोलता भरल्या गेल्या, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. मोजता येते तेवढेच पूर्ण होते, हा धडा सरांनी इथे फार नेमका शिकवला. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातील तुरुंगवासाची तरतूद जाऊन आर्थिक दंड आला आणि ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. या महत्त्वाच्या बदलाला टिपणांत जेमतेम अर्धे पान आहे, ते अपुरे आहे.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. लोकांशी बोलून तयार करायच्या नोंदवहीवर दोन तास चर्चा झाली आणि वर्गात खाडीवर पोट असलेला एकही माणूस बोलावलेला नव्हता. बोट चालवणाऱ्या काकांना मी परतीच्या वाटेवर विचारले तेव्हा निवट्या पूर्वी कुठल्या काठाला सापडायच्या, आता कुठे सरकल्या आणि कोणत्या महिन्यात जाळ्यात काय येत नाही, हे त्यांनी पाचेक मिनिटांत सांगितले. मॅडमनी मोजणीचा जो अभाव सांगितला होता, त्यातला बराचसा भाग आगरी-कोळी घरांच्या आठवणीत शाबूत आहे आणि तो लिहून घेणे हेच कायद्याने समितीचे काम आहे. अभ्यासवर्गाने हा दुवा जोडायला हवा होता. तो न जोडल्यामुळे शेवटचे सत्र माहितीपूर्ण असूनही अर्धवट वाटले.

टिपणांचा संच एकूण चांगला आहे. मराठी सुबोध आहे, कलमांचे क्रमांक बरोबर दिलेले आहेत, आणि निकालांचे सारांश इतके स्वच्छ आहेत की मी ते आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकासाठी वापरले. नकाशे मात्र काळे-पांढरे आणि इतके लहान आहेत की अभयारण्याची सीमा आणि संवेदनशील क्षेत्राची सीमा वेगळी ओळखता येत नाही. ज्या वर्गाचा निम्मा विषय हद्दीचा आहे, त्याने यावर थोडा खर्च करावा. सभागृहात ध्वनिक्षेपक नव्हता आणि मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना त्रास झाला. वेळ मात्र काटेकोर पाळली गेली.

माध्यमिक शाळांचे शिक्षक, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, प्रभागात हरकती-सूचना पाठवणारे नागरिक आणि स्थानिक बातमीदार यांना हा वर्ग मी निःशंकपणे सुचवते. फक्त पक्षीनिरीक्षणाची ओढ असलेल्यांना पहिली तीन सत्रे जड जातील, त्यांनी थेट ऐरोलीची बोटफेरी घ्यावी. दीड हजार रुपये वाजवी आहेत, विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क आहे. पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर भरणार असून एक सत्र दिवा कोळीवाड्यात घ्यावे आणि सहभागी नागरिकांकडून आपापल्या महापालिकेच्या नोंदवहीसाठी माहिती अधिकारात अर्ज करवून घ्यावा, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. अर्जाचा नमुना तयार करून देण्याचे सरांनी मान्य केले आहे. कोळीवाड्यातल्या सत्राबद्दल त्यांच्या उत्तराची मी वाट पाहत आहे.